जुना प्रोसेसर परत कोणी बसवला?

मिस्त्री सरळ जिना चढून वर गेले असते, तर त्यांचे डोळे तपासले गेले नसते.

पण वर जायचा जिना चष्म्याच्या दुकानातूनच होता, आणि काउंटरमागे जावईबापू मोकळेच बसले होते.

"मला तपास करून घ्यायचाय," मिस्त्री म्हणाले. "काल जे मी स्वतः बसवलं, ते आज दिसत नाही. तिथे जुनंच दिसतं. तीन दिवस हेच चाललंय."

जावईबापूंनी त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि दहा मिनिटांनी निकाल दिला. "डाव्याला पाव नंबर. उजवा उत्तम. काळजीचं काही नाही."

"अहो, मला वरच्या बाईंकडून तपास करून घ्यायचाय."

"असं होय," जावईबापू म्हणाले. "मग चला, मीही येतो. मी त्यांचा सहायक."

वरच्या खोलीत बसणाऱ्या बाई म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या पथकात काढली होती. बाहीतली चिठ्ठी आणि चेहऱ्यावरचा खोटेपणा त्यांना सारख्याच सहज दिसायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली, तेव्हा लेकीने एक अट घातली, की एकटीने कुठे जायचं नाही, ह्यांना बरोबर न्यायचं. त्यामुळे जावईबापू वही घेऊन सोबत असत. ते उत्साही होते, प्रामाणिक होते आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीचा माणूस पकडत. जावयाला रागावणं बाईंना जमण्यासारखं नव्हतं. अशा वेळी त्या नुसतं "वा" म्हणत.

"बसा," बाई मिस्त्रींना म्हणाल्या. "काय चोरीला गेलंय?"

"काहीच नाही. हाच तर घोळ आहे."

मिस्त्री जुने संगणक दुरुस्त करत. ज्या यंत्रांना इतर दुकानदार भंगार म्हणत, त्यांना ते पुन्हा बोलतं करत. बुद्धिबळ मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलाने त्यांना बोलावलं होतं. अध्यक्षांच्या घरी एक जुना मल्टिमीडिया संगणक होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला मोठा डबा, सीडीचा कप्पा, दोन्ही बाजूंना स्पीकर. आठ वर्षं तो बंद होता. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, आणि रविवारी सभागृहात सगळ्यांसमोर अध्यक्ष त्या यंत्राशी बुद्धिबळाचा एक डाव खेळणार होते.

"आतली बॅटरी फुटून तिचं पाणी बोर्डावर पसरलं होतं. ते साफ केलं. वीजपुरवठ्याचा खोका बदलला, सीडीचा पट्टा बदलला. गेल्या रविवारी यंत्र सुरू झालं. अध्यक्ष एक डाव खेळले, जिंकले. घरात आनंदीआनंद. मग मुलगा म्हणाला, सीडीवर आमच्या घरचे जुने व्हिडिओ आहेत ते अडखळतात, वेग वाढवा. म्हणून सोमवारी नवी मेमरी आणि चौपट वेगाचा प्रोसेसर घातला."

"प्रोसेसर म्हणजे?" जावईबापूंनी विचारलं.

"यंत्राचा मेंदू. बिस्किटाएवढा चौकोन, खाली दीडशेच्या वर पिना. मंगळवारी चार वाजता गेलो, यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर जुनाच वेग. झाकण उघडलं. माझा नवा प्रोसेसर त्याच्या डबीत व्यवस्थित ठेवलेला आणि जुना परत जागेवर. पुन्हा नवा घातला. बुधवारी पुन्हा तेच. मुलाला वाटलं, मीच काहीतरी लबाडी करतोय. त्याने माझ्याकडची घराची किल्ली काढून घेतली आणि बुधवारी त्याच्यासमोर नवा बसवायला लावला. आज गुरुवार. आज पुन्हा जुना."

"नवी मेमरी?"

"ती जागेवरच. तिला हात लावलेला नाही."

बाई थोड्या पुढे झुकल्या. "आणखी काही?"

मिस्त्री अवघडले. "सांगायला लाज वाटते. सोमवारी घाई झाली, जुना प्रोसेसर काढताना माझ्या हातून दोन पिना वाकल्या होत्या. चोराने त्या सरळ करून मग तो बसवलाय."

जावईबापूंनी वहीत लिहिलं: चोर सुस्वभावी.

"लोक मला यंत्र देतात म्हणजे घरातले फोटो, पत्रं, सगळं देतात," मिस्त्री म्हणाले. "रविवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मुलगा सगळ्यांना सांगणार, की या माणसाच्या हाती काही देऊ नका. मग मी काय करायचं?"

"त्या डब्यावर बटणं कुठली असतात?" बाईंनी विचारलं.

प्रश्न अगदीच भलता होता, पण मिस्त्रींनी उत्तर दिलं. "त्या काळच्या डब्यांवर तीन. एक चालू करायचं, एक पुन्हा सुरू करायचं आणि एक टर्बो, म्हणजे वेगाचं."

"उद्या चार वाजता जाऊ," बाई म्हणाल्या.

*

अध्यक्षांच्या घराची पुढची खोली लांबट होती. एका टोकाला अध्यक्षांचा पलंग, दुसऱ्या टोकाला खिडकीशी टेबल आणि टेबलावर तो डबा. झाकण काढून बाजूला ठेवलेलं, आतल्या तारा उघड्या.

मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी खिडकीच्या गजांना हात लावला.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"आपल्या अंगात वीज साठलेली असते. ती आधी लोखंडाला द्यायची. नाहीतर बोट लागताच हे भाग मरतात, आणि मेले ते कळतही नाही. भाग धरायचे तेही कडेने. या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

जावईबापूंनी लिहिलं: मिस्त्री गज चाचपतात. पळून जायची वाट?

बाईंनी डब्याचं तोंड निरखलं. वर सीडीचा कप्पा, त्याखाली फ्लॉपीची फट, मग दोन बटणं आणि त्यांच्या शेजारी बुद्धिबळाच्या घोड्याचं एक स्टिकर, कडा काळ्या पडलेलं.

"ते मी सोलणार होतो, पण अध्यक्षांनी हात लावू दिला नाही," मिस्त्री म्हणाले.

मुलगा कामावरून थेट आला होता. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. तो वेगळा राहायचा, पण त्याच्याकडे या घराची किल्ली होती.

"स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "मला यांच्यावर संशय आहे. रात्री बाबा याच खोलीत झोपतात, आणि त्यांची झोप अशी की पाल चुकचुकली तरी उठून बसतात. सकाळी सहा ते साडेसात ते फिरायला जातात, तेवढीच काय ती संधी. आई तेव्हा स्वयंपाकघरात असते, रेडिओ मोठ्याने लावून. बाहेरून कोणी आलं तर तिला कळायचं नाही."

"पण बुधवारी तुम्ही किल्ली घेतलीत, आणि गुरुवारी पुन्हा तेच झालं."

"दुसरी किल्ली करून घेतली असेल."

"आणि हा नवा प्रोसेसर घालायला कोणी सांगितलं?"

"मीच. मला व्हिडिओ बघायचे होते. लहानपणी मी त्यात आईला टिपून ठेवलंय, मी जेवायला येत नाही म्हणून ओरडताना." तो जरा हसला. "तुम्ही म्हणाल भलतंच वेड आहे."

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या.

मग अध्यक्ष आले. शहात्तर वर्षांचे, ताठ, सदरा परीटघडीचा. हात मात्र सारखे थरथरत होते. खुर्ची ओढायलाही त्यांना दोन प्रयत्न लागले.

"मला वाटतं, हा सगळा पोरखेळ आहे," ते म्हणाले. "नवा मेंदू घाला की जुना घाला. त्याने काय फरक पडतो? हे यंत्र प्रत्येक खेळीला बरोबर तीस सेकंद विचार करतं. मी घड्याळ लावून पाहिलंय. तीस म्हणजे तीस."

"तुम्ही याच्याशी किती डाव खेळलात?"

ते याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. "मी टाइपरायटरच्या कारखान्यात होतो, बाई. तयार झालेलं प्रत्येक मशीन माझ्या हाताखालून जायचं. मग संगणक आले आणि कारखाना बंद पडला. बावन्नाव्या वर्षी मी घरी बसलो. आणि हा आमचा मुलगा, त्याला वाढदिवसाला काय हवं होतं? संगणक. ज्याने माझी नोकरी खाल्ली, तो माझ्याच घरात आला. म्हटलं, तुला एकदा तरी हरवल्याशिवाय सोडत नाही."

वहीत पहिल्या दोन पानांवर एकाखाली एक 'पराभव' लिहिलेलं होतं. एकेचाळीस वेळा. अक्षर हळूहळू लहान होत गेलेलं. बेचाळिसाव्या ओळीत मोठ्या अक्षरात 'विजय', आणि पुढे शेरा: यंत्राच्या कपाळावर आजपासून घोडा. शुभशकुन. त्यानंतर पुढे जवळजवळ सगळे विजयच.

"सूर सापडला," अध्यक्ष म्हणाले. "एकदा का सूर सापडला, की सापडला. दोन महिन्यांत मी मंडळ काढलं. आजवर चारशे मुलं शिकवली."

दाराशी बसलेल्या एका गृहस्थांनी मोठा निःश्वास सोडला. हे मंडळाचे उपाध्यक्ष. शेजारीच राहायचे.

"पंचवीस वर्षं मी उपाध्यक्ष आहे," ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले. "तो 'उप' गळून पडायची वाट बघण्यात माझे दात गळाले. हा माणूस रविवारी एकदा हरला तर मी पेढे... नाही, मी काहीच करणार नाही, पण मला बरं वाटेल. माझं मत विचाराल तर त्या डब्यात चार प्रोसेसर घाला."

"सकाळी तुम्ही दोघं बरोबरच फिरता?"

"रोज. सहाला निघतो, साडेसातला परत. एक मिनिट मला सोडत नाही. तो बेचाळिसावा डाव मला आता तोंडपाठ आहे. झोपेतसुद्धा सांगेन."

जावईबापूंनी 'उपाध्यक्ष' या शब्दाभोवती जाड चौकट काढली.

तेवढ्यात काकू, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन आल्या. टेबलावर जागा नव्हती. नव्या मेमरीची एक जादा पट्टी मधोमध पडली होती. काकूंनी ट्रे पलंगावर टेकवला, खिडकीच्या गजाला हात लावला, मेमरीची पट्टी दोन बोटांनी कडेला धरून उचलली, बाजूला ठेवली आणि ट्रे टेबलावर आणला. अध्यक्षांना त्यांनी अर्धाच कप दिला. तरीही बशीत थोडा सांडलाच.

जावईबापूंनी लिहिलं: काकूंना उठताबसताना आधार लागतो. गुडघे.

बाई कप घेऊन काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर लाकडी खोक्याचा एक जुना रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

"चहा छान झालाय," बाई म्हणाल्या.

"कडक लागतो मला. लग्नाआधी आणि नंतरही, सोळा वर्षं रेडिओच्या कारखान्यात काढली. तिथे पाणचट चहा पिऊन लांब रांगेत बसलं, की डुलकीच लागायची."

"हा रेडिओ तेव्हाचा?"

"हो."

"बिघडत नाही?"

"बिघडतो की. मग होतो नीट."

"त्या संगणकाला कोण हात लावत असेल, काही अंदाज?"

"मला काय कळतंय त्या डब्यातलं," काकू म्हणाल्या आणि ओट्यावर नसलेला डाग पुसू लागल्या. "रविवार एकदा नीट पार पडला म्हणजे झालं."

परतताना गाडीत जावईबापू म्हणाले, "आई, उपाध्यक्षच. अध्यक्षपदासाठी वाट्टेल ते करेल तो माणूस."

"वा," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मिस्त्रींना फोन केला. "नवा प्रोसेसर बसवून ठेवलात ना? छान. उद्या सकाळी सव्वासहाला अध्यक्षांच्या घरी या. मुलालाही बोलवा. आवाज न करता या."

*

शनिवारी सकाळी सव्वासहाला दार काकूंनी उघडलं. दारात चार माणसं बघून त्यांनी पदराने हात पुसले. हात ओले नव्हते.

"आत येऊ का?" बाई म्हणाल्या. "तुमच्या कामाच्या वेळेला आलो, माफ करा."

सगळे पुढच्या खोलीत बसले. स्वयंपाकघरातून रेडिओ जोरात वाजत होता. काकू आत जाऊन तो बंद करून आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"काहीच चोरीला गेलेलं नाही, असं मिस्त्री म्हणाले," बाईंनी सुरुवात केली. "म्हणून मी आधी चोर शोधलाच नाही. त्याला काय हवं होतं, ते शोधलं. त्याने काही नेलं नाही, म्हणजे त्याला वस्तू नको होती. काही मोडलं नाही, उलट वाकलेल्या पिना सरळ केल्या. म्हणजे यंत्र बंद पडावं असंही त्याला वाटत नव्हतं. नवी मेमरी त्याने राहू दिली, म्हणजे नव्या गोष्टींशी त्याचं वैर नव्हतं. त्याला नको होता तो फक्त वेग. यंत्र चालायला हवं, पण हळू चालायला हवं."

"हळू कशाला?" मुलाने विचारलं.

"रविवारी त्यावर काय होणार आहे?"

"बुद्धिबळ. पण बाबा म्हणाले तसं, वेगाचा त्याच्याशी संबंध नाही. ते तीस सेकंदच..."

"जावईबापू, तुम्ही तीस सेकंदांत किती चष्मे पुसता?"

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन. नीट पुसले तर."

"आणि दुकानात तुमच्यासारखे चौघे असते तर?"

"आठ."

"सेकंद तीसच, काम चौपट. हे यंत्रही तीस सेकंदच विचार करतं. पण नवा मेंदू त्याच तीस सेकंदांत चौपट खेळ्या तपासणार. म्हणजे यंत्र कितीतरी चांगलं खेळणार आणि अध्यक्ष हरण्याची शक्यता वाढणार. चोराला अध्यक्ष हरायला नको होते."

"मग उपाध्यक्ष सुटले," जावईबापू हळूच म्हणाले आणि त्यांनी जड मनाने चौकटीवर काट मारली.

"ते पहिल्या झटक्यातच सुटले. त्यांना तर चार प्रोसेसर हवे होते. आता, हे काम फक्त सकाळी सहा ते साडेसातमध्ये होऊ शकतं. तेव्हा अध्यक्ष फिरायला गेलेले असतात, आणि सोबतीला एक साक्षीदार असतो जो त्यांना कंटाळलेला आहे. याहून चांगला साक्षीदार मिळत नाही. शिवाय त्यांच्या हातांनी दीडशे पिनांचा भाग बसवणं शक्य नाही. आणि वेगाने फरक पडतो, यावर त्यांचा विश्वासच नाही. मिस्त्रींकडे गुरुवारी किल्ली नव्हती. त्यांनी दुसरी करून घेतली होती असं धरलं, तरी रोज स्वतःचंच काम मोडून स्वतःची नाचक्की करून घ्यायला माणसाला काहीतरी कारण लागतं. मुलाकडे किल्ली आहे. पण त्याला नवा मेंदू नको असता तर एक फोन पुरे होता."

मुलाने आईकडे पाहिलं. मग पटकन नजर दुसरीकडे वळवली.

"काल काकूंनी मेमरीची पट्टी उचलली," बाई म्हणाल्या. "उचलण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावला. मग पट्टी कडेने धरली. मिस्त्री म्हणाले होते, या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मी गुडघे लिहिलं होतं," जावईबापू म्हणाले.

"सोळा वर्षं रेडिओच्या कारखान्यात लांब रांगेत बसून त्या चहा नव्हत्या करत. तारा जोडत होत्या. घरातला रेडिओ 'होतो नीट'. कोण करतं, ते त्यांनी सांगितलं नाही. कारण या घरात ते कोणी विचारलंच नव्हतं."

काकूंनी मान खाली घातली.

"आणि हे काही या आठवड्यात सुरू झालेलं नाही," बाई उठल्या आणि टेबलाशी गेल्या. "अशा डब्यावर तीन बटणं असतात, असं मिस्त्री म्हणाले. या डब्यावर दोनच दिसतात. तिसरं या घोड्याखाली आहे. वेगाचं. वहीत एकेचाळीस पराभव आहेत. ज्या दिवशी घोडा चिकटला, त्या दिवशी पहिला विजय आहे. शकुनाने डाव जिंकत नाहीत. कोणीतरी ते दाबलेलं बटण सोडून यंत्र मंद केलं आणि पुन्हा कोणी दाबू नये म्हणून वर स्टिकर लावलं. मिस्त्री, नवा प्रोसेसर घातल्यावर त्या बटणाचं काय होतं?"

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "काहीच होत नाही. नवा त्या बटणाला जुमानतच नाही. तो आपल्या वेगानेच पळतो."

"म्हणून काकूंना रोज झाकण उघडावं लागलं."

मग काकू बोलल्या. आवाज शांत होता.

"कारखाना बंद पडल्यावर ते चार महिने या खिडकीत बसून होते. मग हे यंत्र आलं, तर वाटलं, बरं झालं, मन रमेल. पण रोज हरायचे. हरले की ताट सरकवून द्यायचे. एकेचाळीस दिवस. सदरे ढगळ झाले होते. त्यांना म्हटलं, सोपं करून खेळा. म्हणाले, सोपं करून जिंकायचं असेल तर लहान मुलाला हरवीन. मग मी यंत्राबरोबर आलेलं पुस्तक काढलं. इंग्रजी फारसं येत नाही, पण आकृत्या कळतात. बटण सापडलं. त्या दिवशी ते जिंकले आणि त्यांनी मागून आमटी घेतली."

"आई, पण आता इतक्या वर्षांनी..." मुलगा म्हणाला.

"आता चारशे मुलांसमोर हरले असते रे."

"हरलो असतो तर हरलो असतो," दारातून आवाज आला.

दारात अध्यक्ष उभे होते. त्यांच्यामागे उपाध्यक्ष, एका पायात चप्पल आणि दुसरी, अंगठा तुटलेली, हातात. कोपऱ्यावरूनच परतावं लागलं होतं. ते किती वेळ उभे होते, ते विचारण्याची गरज नव्हती.

अध्यक्ष आत आले आणि खुर्चीवर बसले. खुर्ची या वेळी मुलाने ओढून दिली.

"ते बटण सोडल्यावर यंत्र किती मंद होतं?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. "साधारण दहा पट," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे इतकी वर्षं मी एका पेंगणाऱ्या गड्याला हरवत होतो."

उपाध्यक्षांना हसायचा पूर्ण हक्क होता. हा क्षण त्यांनी पंचवीस वर्षं मागितला होता. पण त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझं सोड. पेंगणाऱ्याला हरवणाऱ्या माणसाकडून मी इतकी वर्षं हरतोय. मी कुठे तोंड दाखवू?"

"आणि यांच्याशी खेळताना कुठलं बटण सोडलेलं असायचं?" बाईंनी अध्यक्षांना विचारलं. "चारशे मुलांशी खेळताना?"

अध्यक्ष बायकोकडे बघत होते.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"कधी? जिंकत होतात तेव्हा, की जेवत नव्हतात तेव्हा? मला हरणारा नवरा चालला असता. उपाशी बसणारा चालत नव्हता."

अध्यक्षांनी थरथरता हात पुढे केला आणि घोड्याच्या स्टिकरची कड नखाने सोलू लागले. जमेना. काकू उठल्या आणि एका झटक्यात त्यांनी ते सोलून काढलं. खाली एक चौकोनी बटण होतं, अजून पांढरंशुभ्र.

"मिस्त्री, नवा मेंदू आत आहे ना?" अध्यक्ष म्हणाले. "राहू द्या."

*

रविवारी सभागृह भरलं होतं. डाव सुरू होण्याआधी अध्यक्षांनी उभं राहून सगळं सांगितलं. बटण, स्टिकर, बेचाळिसावा डाव, काही लपवून ठेवलं नाही. मग मागून कोणीतरी हसलं आणि अध्यक्षांनाही हसू आलं.

सत्ताविसाव्या खेळीला ते हरले. स्पीकरमधून एका जाड आवाजाने यंत्राने विजय जाहीर केला. अध्यक्षांनी पडद्यापुढे मान झुकवली, आणि हस्तांदोलन करायला काही नव्हतं म्हणून डब्यावर हात ठेवला.

टाळ्या वाजायच्या आधीच उपाध्यक्ष उठले. "अठराव्या खेळीला हत्ती हलवायला हवा होतास."

"हत्ती हलवला असता तर उंट गेला असता."

"जाऊ द्यायचा."

"तुझा उंट आहे का जाऊ द्यायला?"

पट मांडला गेला. सभागृहाच्या रखवालदाराने तीनदा किल्ल्या वाजवून दाखवल्या, तरी दोघं हलले नाहीत. मुलगा आईला त्या यंत्रावर जुने व्हिडिओ दाखवत होता. ते आता अडखळत नव्हते. पंचवीस वर्षांनी तरुण असलेली काकू पडद्यावर ओरडत होती, आणि शेजारी बसलेली काकू म्हणत होती, "एवढा काही माझा आवाज मोठा नव्हता."

सोमवारी मिस्त्री चष्म्याच्या दुकानात आले. या वेळी काकू बरोबर होत्या.

"यांचे डोळे तपासा," ते जावईबापूंना म्हणाले. "माझ्याकडे बावीस यंत्रं पडून आहेत, कोणाच्या पिना वाकलेल्या, कोणाच्या तारा सुटलेल्या. माझ्या हाताला ते आता जमत नाही. यांना विचारलं, येता का. तर म्हणाल्या, चष्मा बदलून घेते."

"किती अंतरावरचं काम?" जावईबापूंनी विचारलं.

काकूंनी हात पुढे करून हवेतच एक पिन धरली. जावईबापूंनी टेप लावून अंतर मोजलं, ते वहीत लिहिलं आणि पुन्हा एकदा मोजलं. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघत होत्या. या वेळी 'वा' म्हणायची वेळ आली नाही.

चष्मा गुरुवारी तयार झाला. शुक्रवारी दुपारी काकू मिस्त्रींच्या दुकानात गेल्या, बाकावरच्या यंत्राकडे एकदा आणि त्यावरच्या दिव्याकडे एकदा बघितलं.

"हा दिवा डाव्या बाजूला घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताची सावली पडते. आणि चहा कडक सांगा."

मिस्त्रींनी वीस वर्षांत त्या दिव्याची जागा बदलली नव्हती. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि स्क्रू काढायला सुरुवात केली.